चौथ्या कडव्याच्या सिस्टर

कौसल्या सिस्टर भांडखोर होत्या, असं सांगणारी माणसं डोंगरकड्यात आजही भेटतात, आणि भेटली की माझं डोकं फिरतं. भांडखोर! ज्या बाईनं त्या गावातली निम्मी पोरं स्वतःच्या हातांनी जगात आणली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं यांना एवढंच सापडलं. बाई भांडायच्या हे खरं आहे. पण कशासाठी, असं विचारलं की हीच माणसं कान खाजवत दुसऱ्या विषयावर जातात. म्हणून मीच सांगतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी डोंगरकड्याच्या शाळेत मास्तर होतो आणि सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स. उंच, सावळ्या, भराभर चालणाऱ्या. पांढरी साडी आणि खांद्याला औषधांची पिशवी. कुणाच्याही घरी गेल्या तरी चुलीवर पाणी उकळायला ठेवल्याशिवाय टेकायच्या नाहीत. बाळंतीण सुटली की लेकराला पुसून आईजवळ द्यायच्या आणि मग नोंदवही उघडायच्या. भांडणाला सुरुवात व्हायची ती तिथं.

"लेकरू कुणाचं?"

"मारोतीचं," बाहेर बसलेला आजा म्हणायचा.

"मारोतीला कळा आल्या व्हत्या काय?"

आतून बायकांचं हसू. मग सिस्टर आईचं नाव विचारायच्या, आणि खरं सांगतो, घरोघरी ते नाव आठवायला सासऱ्यांना वेळ लागायचा. 'मारोतीची बायको' यापलीकडे तिला नाव आहे हेच त्यांच्या ध्यानात नसायचं. वहीत आईच्या नावासाठी रकानाच नव्हता, तर सिस्टर ते समासात लिहायच्या. तपासणीला आलेले साहेब त्यावरून ओरडायचे. सिस्टर ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या पानाच्या समासात पुन्हा लिहायच्या.

आता दुसरं वेड. सिस्टर दौलतदादांच्या गाण्याच्या भक्त होत्या. दौलतदादांचं आडनाव मी देत नाही. त्यांची मुलं भली आहेत, आणि त्यांच्या आवाजानं आमच्या पिढीवर जे उपकार केले ते मला नाकारायचे नाहीत. भीमजयंतीच्या दिवसांत दादांची गायन पार्टी आमच्या भागात आली की बैलगाड्या, सायकली, एसटीच्या टपावर बसून माणसं जायची. हार्मोनियमवर स्वतः दादा, बाजूला ढोलकी, मागं कोरसचे चार गडी. दादांनी पहिली तान मारली की आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या पदराचा बोळा तोंडात धरून रडायच्या. मीही रडलेलो आहे.

डोंगरकड्याच्या स्टँडसमोर रज्जाकभाईचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. दादांच्या साऱ्या तबकड्या त्याच्याकडे होत्या आणि बाजारच्या दिवशी तिथं आम्हा वेड्यांची बैठक जमायची. मी, रज्जाकभाई, जवळच्या तांड्यावरचा राठोड कंडक्टर आणि सिस्टर. राठोडची नांदेडची ड्यूटी असल्यानं लांबलांबच्या कार्यक्रमांची बातमी पहिल्यांदा त्याला लागायची.

"वसमतला लाइट गेली तवा दादा बिनमाइकचे गायले, त्याच्यावाणी कार्यक्रम पुन्ना व्हणे न्हाई," राठोड छाती फुगवून सांगायचा.

"वो क्या सुनाते तुमी," रज्जाकभाई म्हणायचा. "दादाचा असली आवाज पहिल्या रेकॉर्डीत हाय. घशाचं ऑपरेशन झाल्यावर निम्मा गेला."

"दोघंबी गप बसा," सिस्टर म्हणायच्या. "कडवे किती म्हणले ते सांगा."

हे त्यांचं खास. सगळे तान ऐकायचे, सिस्टर कडवी मोजायच्या. गाणं चालू असताना त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असायचा. स्टेजवर दादा एकेक गाणं सात-सात कडव्यांचं करायचे. तबकडीत त्यातली तीन यायची, कारण तबकडीची एक बाजू तीन मिनिटांत संपते. आणि ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या या गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात गाणं रचणाऱ्याचं नाव येतं. तीच त्याची सही. रचणारा गवंडी असो नाहीतर हमाल, त्या ओळीपुरता तो साऱ्या सभेला आपलं नाव सांगतो. तीन मिनिटांच्या हिशोबात कात्री चालायची ती नेमकी त्याच कडव्यावर.

सिस्टरांचा जीव एका गाण्यात अडकलेला होता. 'पाटी घे गं लेकी हाती, खुरपं राहू दे.' दादांचं सर्वांत गाजलेलं गाणं. ते रचलं होतं सिस्टरांच्या सख्ख्या मावशीनं, गयाबाई खिल्लारे हिनं. गयाबाई आमच्याच वस्तीत राहायची. अक्षरशत्रू, हळद काढण्यात आणि शिजवण्यात जन्म गेलेला. फार वर्षांपूर्वी दादा गावात कार्यक्रमाला आले होते. सकाळी गाव सोडताना रानात हळदीच्या कढईपाशी त्यांना गयाबाईचा आवाज ऐकू आला. ते तिथं धुरात बसून राहिले, तिच्याकडून चारही कडवी तीनदा म्हणवून घेतली आणि लिहून नेली. चौथं कडवं असं होतं:

गया म्हणे, डोंगरकडा माझं गाव,
पाटी दिली ज्यानं, त्याचं घेते नाव.

'ज्यानं' म्हणजे कोणी, हे आमच्याकडे रांगत्या लेकरालाही सांगावं लागत नाही. पुढची कितीक वर्षं दादा स्टेजवर हे कडवं म्हणत. गयाचं नाव आलं की डोंगरकड्याची माणसं शिट्ट्या मारत. गयाबाई स्वतः मात्र लाजून म्हणायची, "मह्या नावाचं काय घिऊन बसले गं. गाणं चालून राहिलं ना, झालं मग."

मग त्या गाण्याची तबकडी निघाली. रज्जाकभाईनं ती वाजवली, तिसरं कडवं संपलं आणि सुई खरखरायला लागली.

"फुडं?" सिस्टर म्हणाल्या.

"खतम, सिस्टर."

सिस्टरांचा अंगठा तिसऱ्या पेरावर थांबला होता. पण त्या दिवशी त्या भांडल्या नाहीत, हे भांडखोर म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. "तीन मिनिटांत न्हाई बसत, बराबर हाय," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि उठून लस द्यायला निघून गेल्या.

बाईंना कळलं नव्हतं, मलाही नव्हतं, की त्या तीन मिनिटांनी पुढं काय होणार आहे. गावोगावच्या नव्या पार्ट्या आता दादांना ऐकायला जात नव्हत्या, तबकडीवरून गाणी उचलत होत्या. दोनेक वर्षांनी कळमनुरीकडच्या एका गावात जयंतीला एक तरणा गायक उभा राहिला आणि त्यानं 'पाटी' धरलं. तीन कडवी झाली. चौथं सुरू झालं तसं सिस्टर मान उंच करून बसल्या. आणि पोरगा म्हणाला, 'प्रल्हाद म्हणे, ऐका माझे भाव...'

सिस्टर बायकांतून उठल्या ते थेट स्टेजपाशी. "ए प्रल्हाद. हे गाणं तुवा केलं?"

पोरगं घाबरलं. "न्हाई बाई. रेकॉर्डीवरलं हाय."

"मंग तुहं नाव काहून घातलं?"

"रेकॉर्डीत कुणाचंच नाव न्हाई," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "बिननावाचं गाणं कसं म्हणावं? म्हणून महं घातलं."

मी त्या पोरावर रागावू शकत नाही. तो रीतीनंच वागत होता. गाण्याला सही लागते, सही दिसली नाही, त्यानं आपली केली. पुढं कळलं की औंढ्याकडे हेच गाणं 'किसन म्हणे' होऊन गेलं होतं आणि वसमतकडे 'भागाजी म्हणे'. एका बाईच्या गाण्याला तीन बाप मिळाले होते, आणि आई कढईपाशी हळद ढवळत बसली होती. त्या रात्रीपासून सिस्टर बैठकीत एकच गोष्ट बोलायला लागल्या. एकदा दादांनी स्वतः, भर सभेत, चौथं कडवं म्हणावं. मोठ्या माणसानं म्हटलं की ही पोरं आपोआप सुधारतील. मावशीचं वय झालंय, तिच्या देखत हे झालं पाहिजे.

अशात दादांचा वसमतला कार्यक्रम ठरला. जिनिंगच्या मोकळ्या आवारात मांडव, दिवे लागायच्या आतच पाय ठेवायला जागा नाही. सिस्टरांनी गयाबाईला राठोडच्या गाडीतून आणलं आणि बायकांच्या बाजूला पुढं बसवलं. मी पुरुषांच्या बाजूला. दादा म्हातारे झाले होते, पण पहिल्या तानेला अंगावर काटा आला तो आलाच. चार गाणी झाली आणि पुरुषांतून ओरडा सुरू झाला, "पाटी! पाटी! रेकॉर्डीवाणी होऊ द्या!"

रेकॉर्डीवाणी. पूर्वी लोक म्हणायचे, रेकॉर्ड बरी आहे पण कार्यक्रमासारखी नाही. आता खुद्द दादा समोर बसलेले असताना यांना ते तबकडीसारखे पाहिजे होते. आणि दादांनी तसंच म्हटलं. तीन कडवी, शेवटी तबकडीतलाच ढोलकीचा तोडा, आणि बंद. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. सिस्टरांचा हात मांडीवर तसाच, अंगठा तिसऱ्या पेरावर.

इथं मी एक मूर्खपणा केला, तो सांगितलाच पाहिजे. गाणं आवडलं की लोक चिठ्ठीत गुंडाळून बक्षीस पाठवतात आणि पाठवणाऱ्याचं नाव गायक माइकवरून वाचतो. मला वाटलं, काय बिघडलं, अशा वाटेनं का होईना, दादांच्या तोंडून मावशीचं नाव येईल. मी चिठ्ठी लिहिली आणि पुढं सरकवली. दादांनी चष्मा लावला.

"डोंगरकडा येथील गयाबाई खिल्लारे यांच्याकडून एक रुपया. पार्टी त्यांची आभारी आहे. जयभीम!"

टाळ्या पडल्या. गयाबाई भांबावून इकडं तिकडं बघायला लागली. मी आपला खुशीत. तेवढ्यात सिस्टर उठल्या आणि स्टेजच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, आता कुणाचं नाव घेतलं तुमी?"

दादांनी चिठ्ठी पुन्हा पाहिली. "गयाबाई खिल्लारे."

"वळखता काय?"

दादा जरा थांबले. मग त्यांचा चेहरा बदलला, तो स्टेजवरच्या दिव्याच्या उजेडात मला स्पष्ट दिसला. "हळदीच्या कढईवरची गयाबाई?"

म्हणजे ते विसरले नव्हते! विसरले असते तर मी आज इतक्या वर्षांनी दात-ओठ खात बसलो नसतो. माणूस विसरतो. पण यांना कढई आठवत होती, हळद आठवत होती.

"मंग तिचं कडवं काहून सोडलं?" सिस्टरांनी विचारलं.

"बाई, रेकॉर्ड तीन मिनिटांची असते," दादा हसून म्हणाले.

"रेकॉर्डीचं समजलं मला. स्टेज बी तीन मिनिटांचं हाय काय?"

ढोलकीवाल्यानं मान खाली घातली. दादा चष्मा काढून पुसायला लागले. बोललं ते पब्लिक. "ए बाई, खाली बस!" "टाइम खाऊ नको!" "रेकॉर्डीत न्हाई ते काहून पायजे?" ओरडणारे कोण होते? दादांसाठी जीव टाकणारे, आमच्याच बैठकीसारख्या बैठकांत बसणारे लोक. ज्या गाण्यानं त्यांच्या लेकींच्या हाती पाट्या आल्या, ते गाणं करणाऱ्या बाईसाठी त्यांच्याकडे दोन ओळींचा वेळ नव्हता. आणि मी काय केलं? मी पुरुषांच्या बाजूला बसून राहिलो. उठलो नाही. तो रागही माझ्याजवळच आहे, कुणाला देता येत नाही.

शेवटी दादांनी हात जोडले. "आता मोठी रेकॉर्ड निघणार आहे. माझी जुनी गाणी, सगळी एकत्र. तिच्यात चौथं कडवं घालतो. शब्द देतो बाई."

दादांच्या या मोठेपणाला प्रचंड टाळ्या पडल्या. पुढचं गाणं सुरू झालं. दोन ओळी त्याच जागी म्हणून टाकायला कितीसा वेळ लागला असता?

परतीच्या गाडीत सिस्टर माझ्या पुढच्या बाकावर बसल्या होत्या. वळून म्हणाल्या, "गुरुजी, चिठ्ठी तुमीच देली ना?"

"हो. म्हटलं, नाव तरी येईल."

"गाणं तिचं, अन् रुपया बी तिनंच द्यायचा?"

गयाबाई मध्येच म्हणाली, "जाऊ दे गं कौसे. शब्द देला ना त्यानं." सिस्टर मग पुढं तोंड करून बसल्या. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, बघण्यासारखं काही नव्हतं तरी.

दीडेक वर्षानं मोठी तबकडी आली. राठोडनं ती नांदेडहून आपल्या गाडीत सीटवर ठेवून आणली, तिकिटाच्या पेटीपेक्षा जपून. रज्जाकभाईच्या दुकानात सारे जमले. सिस्टरांनी मावशीला हाताला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं. 'पाटी' लागलं. पहिलं, दुसरं, तिसरं. ढोलकीचा तोडा आला, आणि गाणं थांबलं नाही. चौथं कडवं सुरू झालं! राठोडनं माझा दंड दाबला. दादांनी शब्द पाळला होता.

माय म्हणे, दूर माझं गाव,
पाटी दिली ज्यानं, त्याचं घेते नाव.

रज्जाकभाईनं सुई उचलली. गयाबाईनं आजवर साऱ्याला 'जाऊ दे' म्हटलेलं मी ऐकलं होतं. ती खुर्चीवर पुढं वाकली आणि भाचीला विचारू लागली, "कौसे, मी कुठं गेले गं?"

मी तबकडी हातात घेतली. मधल्या गोल कागदावर गायकाचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. त्याखाली बारीक अक्षरांत 'गीत : पारंपरिक'. मी मास्तर, मोठ्यानं वाचलं. गयाबाईनं विचारलं, म्हणजे काय. आणि मी, काय जळली जीभ, अर्थ सांगितला. "म्हणजे फार जुनं. कुणी केलं ते माहीत नसलेलं."

"माहीत न्हाई?" सिस्टर म्हणाल्या. "ही हितं बसलीया की! जित्ती!"

माय म्हणे! कुठली माय? तिला नाव नसतं का? आई म्हटली की हात जोडायला सगळे पुढं, आणि नाव विचारलं की सगळ्यांची स्मरणशक्ती जाते. दादांना नंतर मी दोन पत्रं लिहिली. तबकडीवरच्या पत्त्यावर कंपनीला एक लिहिलं. उत्तर कशाचंच आलं नाही.

सिस्टरांनी पत्राची वाटही पाहिली नाही. त्यांनी तिथल्या तिथं पिशवीतून आपलं निळं पेन काढलं. "रज्जाकभाई, तुमची रेकॉर्ड नवी हाय. खराब करू काय?"

"खराब काहेकू, दुरुस्त बोलो," रज्जाकभाई म्हणाला आणि तबकडी दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून त्यांच्यापुढं केली. सिस्टरांनी 'पारंपरिक'वर रेघ मारली आणि त्या चिमुकल्या जागेत वळणदार अक्षरात मावशीचं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट.

पुढं त्यांची बदली हिंगोलीच्या पलीकडे झाली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कनेरगाव नाक्यावर. वाशीमला निघालो होतो, गाडी चहाला थांबली. एका हॉटेलातून 'पाटी' ऐकू येत होतं, म्हणून आत गेलो, तर गल्ल्यापाशी पांढरी साडी. वाजून झालेली तबकडी मालकाकडून मागून घेऊन सिस्टर वाकून लिहीत होत्या. केस पांढरे व्हायला लागले होते. मला पाहून म्हणाल्या, "या गुरुजी. या रोडवरली ही सहावी. हिंगोलीत अजून दोघांकडं हाय म्हणतेत."

मावशीचं विचारलं. थकली आहे म्हणाल्या. शाई वाळेपर्यंत त्यांनी तबकडीवर फुंकर घातली आणि ती मालकाला परत दिली. मालक तरुण होता, थोडा वैतागलेला. त्यानं ती पुन्हा लावली आणि बोट दाखवून म्हणाला, "बाई, तुमी लिहिलं खरं. पण हे फिरून राहिलं. फिरताना कुणाला वाचता येते?"

"मंग बंद कर, अन् वाच."

बाहेर माझ्या गाडीचा हॉर्न वाजत होता. सिस्टर गल्ल्यापासून हलल्या नाहीत. मालकानं माझ्याकडे पाहिलं. मीही हललो नाही. मग त्यानं सुई उचलली, तबकडी थांबेपर्यंत वाट पाहिली आणि खाली वाकून, चहा पिणाऱ्या साऱ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक अक्षर लावत वाचलं, "ग-या-बाई खिल्लारे. डोंगरकडा."